कंसातलं नाव

"थांबलीस का? वाच ना पुढे," लोइस म्हणाली.

अक्षर लागत नव्हतं म्हणून मी थांबले नव्हते. अक्षर मला लागतं. तेवढी एकच विद्या माझ्याजवळ आहे आणि ती कुठल्याही कागदावर नाही. सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलमधल्या एका चर्चच्या तळघरात मायक्रोफिल्म वाचायची तीन यंत्रं आहेत. दर मंगळवारी दहा ते एक आम्ही दोघी कोपऱ्यातल्या यंत्रापुढे बसतो. मी हँडल फिरवते, काचेवर जुन्या नोंदवह्यांची पानं सरकतात आणि मी मोठ्यानं वाचते, कारण लोइसच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धुरकट डाग धरलाय आणि तिला फक्त कडेकडेचं दिसतं. माझ्याकडे बघायचं असलं की ती माझ्या कानाशेजारच्या हवेकडे बघते. एक्क्याऐंशी वर्षांची ही आमची मागच्या घरातली शेजारीण गेली अकरा वर्षं आपल्या घराण्याचा मूळ पुरुष शोधते आहे. तसा तो तिला सापडलाही आहे. थॉमस वेदरल, १६७४ साली जहाजातून मेरीलँडच्या किनाऱ्याला उतरला, चार वर्षं कुणाच्या तरी तंबाखूच्या शेतावर राबला, मग स्वतःची जमीन केली. त्याच्यापासून लोइसपर्यंत दहा पिढ्या, आणि प्रत्येक पिढीचा कागद तिच्याकडे आहे. वरची एकच पायरी बाकी होती. जहाजातून उतरलेला थॉमस आणि जमीन केलेला थॉमस हा एकच माणूस, असं सांगणारं काहीतरी हवं होतं. ते मिळालं की जुन्या घराण्यांच्या कुठल्याशा मंडळात तिचं नाव लागणार, जूनमध्ये झाडून सगळे वेदरल तिच्या अंगणात जमणार, आणि मग, ती म्हणायची, डोळे पूर्ण गेले तरी चालतील.

काचेवर १६९९ सालच्या एका जमिनीच्या भांडणातली खलाशाची साक्ष होती. तोंडानं मी पहिल्या ओळी वाचत होते, सदर जहाजावर थॉमस वेदरल नावाच्या इसमास मी ओळखत होतो असं शपथेवर सांगतो, आणि डोळे चार ओळी पुढे गेले होते. डोळे आधी, तोंड मागून, ही माझ्या बाबांची शिकवण. पुढे लिहिलं होतं की तो थॉमस वेदरल वाटेत तापानं मेला आणि मी स्वतः त्याला शिडाच्या कापडात शिवून समुद्रात सोडला. उतरवलेल्या प्रत्येक माणसामागे कप्तानाला जमीन मिळायची, माणूस कमी भरून चालणार नव्हतं. म्हणून हजेरीच्या वेळी कप्तानानं यादीत नाव नसलेल्या एकाला थॉमस वेदरल म्हणून उभं केलं. तोच हा, जो आज कोर्टापुढे उभा आहे.

"पुसट आहे," मी म्हणाले. "पानाला पाणी लागलंय." आणि माझ्या हातानं हँडल फिरवलं.

"काहीच लागत नाही?"

"नाही."

लोइस माझ्या कानाशेजारी बघत हसली. "तुला लागलं नाही म्हणजे कुणालाच लागणार नाही," ती म्हणाली, आणि मी घाबरले. खोटं बोलल्यामुळे नव्हे. हात किती सहज फिरला, त्याची मला भीती वाटली. परवा गुरुवारी आमची ग्रीन कार्डाची मुलाखत होती. तिथे तोच हात वर करून मला शपथ घ्यायची होती.

माझं नाव आश्लेषा राजेश दातार. हे नाव मला चोविसाव्या वर्षी मिळालं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले होते, राजेशनं अंगठीनं त्यात अक्षरं गिरवली, फोटोग्राफरला नीट दिसेनात म्हणून पुन्हा एकदा गिरवली, आणि सगळ्यांना पेढे वाटले. त्याआधी मी नीला होते. नीला शशिकांत खांबेटे, मुक्काम पेण. नाव बदलायची हौस कुणालाच नव्हती, पण माझ्या सासूबाईंचं नाव नीला होतं आणि एका घरात दोन नीला कशा नांदणार? सासूबाई वाईट नव्हत्या. एकदा मटार सोलता सोलता त्या म्हणाल्या, "मी तरी कुठे नीला होते गं? माहेरची मी प्रतिमा." इतक्या सहज म्हणाल्या की मी पुढे काही विचारलंच नाही, मटार सोलत राहिले. दोन हजार पाचमध्ये त्या गेल्या. राजेश एकटाच गेला होता, मी इथे फोनवर सगळं ऐकत होते, आणि तेव्हा माझ्या मनात आलं की आता ते नाव मोकळं झालं. असं मनात आलं याची मला तेव्हा लाज वाटली आणि अजून वाटते. पण मोकळं झालं तरी परत मागायचं कुणाकडे? आईसुद्धा फोनवर मला 'आशू' म्हणायला शिकली होती. 'नीले' म्हणून हाक मारणारे बाबा लग्नानंतर वर्षभरातच गेले.

बाबा पेणच्या तहसील कचेरीत रेकॉर्ड रूमला होते. जुन्या वह्या वाळवीनं खाल्ल्या की त्यांच्या नकला काढायचं काम ते सुट्टीच्या दिवशी घरी आणायचे. मी वाचायचे, ते लिहायचे. सगळ्या फेरफाराच्या नोंदी: कोण मेलं, मागे कोण राहिलं, जमीन कुणाच्या नावावर चढली. मध्येच मी अडायचे. "बाबा, इथे नावच नाही. 'मयताची बायको' लिहिलंय आणि पुढे मोकळी जागा." बाबा कागदावरून मान वर न करता म्हणायचे, "तलाठ्यानं नंतर विचारून भरू म्हणून सोडली असेल. नंतर कोण विचारतंय? जशी आहे तशी वाच." मग मी वाचायचे, "मयताची बायको, मोकळी जागा." आणि बाबा कोऱ्या कागदावर बरोबर तेवढीच जागा सोडायचे. मला त्याचं हसू यायचं. आपल्यावर कधी अशी पाळी येईल असं दहा वर्षांच्या मुलीला कशाला वाटेल?

पाळी आली ती गेल्या जुलैत. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं तिष्ठत असलेल्या सगळ्यांना सरकारनं अचानक सांगितलं की या महिन्यात अर्ज करा. राजेशच्या कंपनीतले झाडून सगळे देशी कागद जमवत सुटले. वकिलाच्या यादीत पहिलीच ओळ जन्मदाखल्याची होती. माझा जन्मदाखला पेणला जगन्नाथकाकांच्या ट्रंकेत होता, नीलाच्या नावाचा. आणि पासपोर्ट आश्लेषाचा, कारण नव्व्याण्णव साली पासपोर्टाचा एजंट म्हणाला होता, "सगळीकडे एकच नाव ठेवा ताई, उगाच भानगड नको," आणि लग्नाचं सर्टिफिकेटही त्यानं तसंच करून आणलं होतं. माझी बी.एस्सी.ची पदवीसुद्धा त्यामुळे नीलाचीच राहिली. माझ्या कुठल्याच फॉर्मवर ती लागत नाही. राजेश काकांशी फोनवर दहा मिनिटं बोलला. काका माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, भिडस्त माणूस, स्वतःसाठी कधी कुणापुढे उभे राहिले नाहीत. पण पोरीचं काम म्हटल्यावर चार दिवसांत त्यांनी सगळं उरकलं. नगरपालिकेत जाऊन त्यांनी आश्लेषा शशिकांत खांबेटे हिची जन्मनोंद मागितली. कारकुनानं वही तपासली आणि लिहून दिलं की सदर वर्षी या नावाच्या मुलीचा जन्म या गावात नोंदलेला नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग दाखल्याच्या जागी लावायला काकांनी आणि शोभामावशीनं वकिलापुढे प्रतिज्ञापत्रं केली की ही मुलगी आमच्या डोळ्यांदेखत जन्मली आणि बारशाला हिचं नाव आश्लेषा ठेवलं. कुरिअर आलं तेव्हा राजेशनं मला मिठी मारली. फॉर्मवर 'याआधी वापरलेली इतर सर्व नावं' असा एक चौकोन होता. मी भाजी परतत होते. "अजून काही नाव नाही ना गं?" त्यानं विचारलं, मी "नाही" म्हणाले, आणि त्यानं टाइप केलं: नन, म्हणजे एकही नाही. त्या वेळी मी खोटं बोलले असंही मला वाटलं नाही. इतर नावं चोरा-दरोडेखोरांना असतात. नीला हे काय इतर नाव होतं?

भीती नंतर आली. अर्ज भरल्यावर सरकार नावाची तपासणी करतं हे कळलं, कुणाकुणाच्या फायली त्या तपासणीत दोन-दोन वर्षं अडकल्यात हे कळलं, आणि मग पोस्टाची पेटी उघडायचं मी टाळायला लागले. पाकीट आलं की भीती, नाही आलं की भीती. दुकानात कुणी मागून "एक्सक्यूज मी" म्हटलं तरी मी दचकून वळायचे. चैत्राली, माझी सात वर्षांची मुलगी, शाळेतून फॅमिली ट्रीचा कागद घेऊन आली तेव्हा तिनं 'मदर' लिहिलेल्या फांदीवर आश्लेषा लिहिलं आणि 'ग्रँडमदर'च्या फांदीवर नीला. मी त्या कागदाकडे बघत राहिले. दोन्ही नावं खरी होती आणि दोन्ही फांद्या चुकलेल्या होत्या. "इट्स करेक्ट, राइट?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले.

बुधवारी सकाळी चैत्रालीला शाळेत सोडून मी एकटीच त्या तळघरात गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला बघायचं होतं. दुसऱ्याच्या नावावर उतरला, पंचवीस वर्षं त्या नावानं राहिला, लग्न केलं, पोरं झाली, आणि मग एका शेजाऱ्याला त्याच्या बांधाची चार एकर हवीशी वाटली तेव्हा ते सगळं कोर्टात निघालं. त्याला काय शिक्षा झाली? मी फिल्म लावली, तेच पान आणलं आणि शेवटपर्यंत वाचलं. खलाशाच्या साक्षीखाली कारकुनानं लिहिलं होतं की सदर इसमास विचारलं असता त्यानं नाकारलं नाही, आणि ज्या नावानं त्याची आई त्याला हाक मारी ते आपलं नाव त्यानं कोर्टापुढे सांगितलं, ते असं. आणि पुढे दीड इंच मोकळी जागा. खालच्या ओळीपासून दुसऱ्याच कुणाच्या तरी डुकरांचं भांडण सुरू झालं होतं.

मी काचेवर त्या जागेवर बोट ठेवलं. आतल्या दिव्यानं काच गरम झाली होती. मी पुढची वीस पानं बघितली, मागची दहा बघितली. निकाल कुठेच नव्हता. जमीन मात्र पुढे त्याच्याच मुलांच्या नावे चढलेली आम्ही दोघींनी मागेच वाचली होती, म्हणजे त्याला कुणी हाकललं नाही. पण तेव्हा त्याला ते कुठे ठाऊक होतं? तो तिथे उभा राहिला तेव्हा जमीन, बायको, पोरं सगळं पणाला लागलं होतं, आणि तरी त्यानं तोंड उघडून सांगितलं. कारकुनाला ते नाव ऐकून लिहिता आलं नाही, किंवा नंतर विचारून भरू म्हणून त्यानं जागा सोडली. पेणचा तलाठी काय आणि हा काय. मी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं, जागेसकट, आणि घडी पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी राजेश जेवणाच्या टेबलावर फाइल लावत बसला होता. टॅक्सचे कागद, घराचे कागद, लग्नाचे फोटो. त्याला एकदम काहीतरी आठवलं आणि त्यानं सांता क्लाराला ऋषीला फोन लावला. ऋषी त्याचा चुलतभाऊ. दातारांचा कुलवृत्तांत, म्हणजे ते जाडजूड हिरवं पुस्तक, ज्यात कोकणातून घाटावर आलेल्या पहिल्या दातारापासून आजपर्यंतचे सगळे पुरुष आणि त्यांच्या बायका क्रमवार छापल्या आहेत, ते ऋषीनं गेल्या वर्षी इंटरनेटवर चढवलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"ऋषी, यार, एक काम कर. आमचं पान जरा डाउन कर ना."

"का रे? मस्त लोड होतंय. लोक शोधून शोधून येतायत."

"उद्या इंटरव्ह्यू आहे आमचा. त्यात आशूचं जुनं नाव आहे, कंसात. कुणी सर्च केलं तर?"

"कोण सर्च करणार? मराठीत आहे सगळं."

"तू इंग्लिश इंडेक्स केलायस, ऋषी. प्लीज."

"ओके, ओके, टेन्शन नको घेऊस. अख्खं पान कशाला? ब्रॅकेट डिलीट करतो. झालं. रिफ्रेश कर."

मी राजेशच्या मागे उभी होते. पडद्यावर आधी लिहिलेलं होतं: राजेश, पत्नी आश्लेषा (नीला), शशिकांत खांबेटे, पेण यांची कन्या. त्यानं एक बटण दाबलं, पान पांढरं झालं, परत आलं, आणि कंस नव्हता. आश्लेषाच्या पुढे लगेच स्वल्पविराम होता. एवढं सोपं होतं ते. दातारांच्या तेरा पिढ्यांमध्ये माझी ती एकच खूण होती, कंसातली का होईना, आणि ऋषीनं ती कॉफी पिता पिता काढून टाकली. राजेशनं सुस्कारा सोडला आणि लॅपटॉप मिटला.

"राजेश," मी म्हणाले, "उद्या त्यांनी सरळ विचारलं तर? दुसरं नाव होतं का म्हणून?"

"नाही म्हणायचं. फॉर्मवर तेच आहे."

"पण शपथ घेऊन..."

"आशू, ऐक. तू आता वेगळं बोललीस तर काकांचं ॲफिडेव्हिट खोटं ठरतं. इथे त्याला फ्रॉड म्हणतात. कायमचं बॅन करतात. चैत्राली सिटिझन आहे, ती इथली. आपण काय करायचं मग?" तो फाइलमधली पानं सारखी करत होता आणि ती सारखी होत नव्हती. तो रागावला असता तर मी भांडले असते. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या राजेशपुढे मला काही बोलता येत नाही. "एक शब्द आहे गं," तो म्हणाला. "नो. तेवढा म्हण फक्त."

गुरुवारी सकाळी आम्ही सिअ‍ॅटलच्या दक्षिणेकडच्या त्या ऑफिसात तासभर आधीच जाऊन बसलो. खुर्च्या निळ्या होत्या आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. नाव पुकारलं गेलं तेव्हा ते माझं आहे हे कळायला मला एक क्षण लागला. ऑफिसर पन्नाशीच्या बाई होत्या, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, हातात लाल पेन. आम्ही उजवे हात वर केले. मग त्या एकेक ओळ विचारत गेल्या आणि लाल खूण करत गेल्या. राजेशचा पत्ता, नोकरी, वडिलांचं नाव, आईचं जन्मापासूनचं नाव. "नीला," राजेश म्हणाला. खूण झाली. त्यांनी पान उलटलं.

"मिसेस दातार. याआधी कधी दुसरं कुठलं नाव वापरलं होतं?"

शेजारी राजेशचा बूट फरशीवर घासला. डोळे आपोआप चार ओळी पुढे गेले. मी नो म्हणेन. त्या खूण करतील, पान उलटतील, फाइल बंद होईल आणि कुठल्या तरी तळघरात जाऊन पडेल. मग कधीतरी, दोनशे-तीनशे वर्षांनी, चैत्रालीच्या वंशातली कुणी म्हातारी शोधत येईल. आपल्या घराण्यातलं या देशात आलेलं पहिलं माणूस कोण, म्हणून. तिला माझी फाइल सापडेल आणि त्यात पेण नगरपालिकेचं पत्र असेल की या नावाची मुलगी जन्मलीच नाही. आणि ते खरं असेल. पकडले जाण्याची भीती मला आठ महिने होती, ती तशीच पोटात होती. पण ही भीती निराळी होती आणि ती तिच्याहून मोठी निघाली. चैत्रालीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, राजेशचे फाइलवरचे हात आले, आणि तरी मी म्हणाले, "येस."

लाल पेन थांबलं. "कुठलं?"

"नीला."

नऊ वर्षांत ते मी स्वतःचं म्हणून मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. आवाज किरटा निघाला. त्यांनी एकेक अक्षर विचारून घेतलं, मी एकेक सांगितलं, आणि 'नन'वर काट मारून त्यांनी ते वर लाल शाईत लिहिलं. कधीपासून कधीपर्यंत, त्यांनी विचारलं. जन्मापासून चोविसाव्या वर्षापर्यंत, मी म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग काकांचं प्रतिज्ञापत्र उचललं. "मग हे काय आहे?" मी सांगितलं. सासूबाईंचं नाव, एका घरात दोन कशा म्हणून, ताट, अंगठी. "तांदळात?" त्या म्हणाल्या. हो, तांदळात. त्यांनी तांदूळ लिहिला नाही, पण बाकी बरंच काही लिहिलं, पान भरेपर्यंत. राजेश समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"आज मी निर्णय देऊ शकत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "मूळ जन्मदाखला तीस दिवसांत पाठवा. त्या नावाचीही तपासणी होईल. नंतर पत्र येईल. ते चांगलंच असेल असं मी आत्ता सांगू शकत नाही, तुमचा अर्ज नाकारलाही जाऊ शकतो." त्या तुसड्या नव्हत्या. आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या.

हायवेला लागल्यावर राजेशनं गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बसून राहिला. ट्रक गेला की अख्खी गाडी हलत होती.

"एक शब्द होता, आशू," तो म्हणाला. "काय गरज होती?"

मला खूप काही सांगायचं होतं. सांगितलं एवढंच, "आई पण नीला नव्हत्या, राजेश. माहेरच्या त्या प्रतिमा."

"कुणी सांगितलं तुला?"

"त्यांनीच."

तो माझ्याकडे बघत राहिला. पाऊण तासापूर्वी त्यानंही हात वर करून आईचं नाव सांगितलं होतं आणि त्यावर लाल खूण झाली होती. "मला कधी म्हणाली नाही," तो म्हणाला. "मी विचारलंच नाही कधी." त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं आता तो ओरडेल, पण त्यानं नुसता इंडिकेटर दिला आणि गाडी परत रस्त्यावर घेतली. घरापर्यंत आम्ही दोघंही घाबरलेलेच होतो, पण आता एकाच बाजूला बसून घाबरलो होतो.

दुपारी मी लोइसकडे गेले. ती स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसली होती. "मंगळवारचं पान पुसट नव्हतं," मी म्हणाले. "मी खोटं बोलले." मग पर्समधला कागद काढून मी सगळं वाचून दाखवलं. ताप, शिडाचं कापड, हजेरी. तिनं हात पुढे करून चाचपडत रेडिओ बंद केला.

"म्हणजे आम्ही वेदरल नाहीच," ती म्हणाली. "जूनला सत्तर माणसं येणार आहेत. मी त्यांना काय सांगू? आम्ही कोण आहोत?" सव्वातीनशे वर्षं जिची माणसं या देशात आहेत, जिला कुणी कुठेही परत पाठवणार नाही, ती बाई एका कागदाला माझ्याइतकीच घाबरली होती. ते बघून मला धीर यायला हवा होता. तो आला नाही, उलट आणखीच भीती वाटली, कारण मग ही भीती कुठलं कार्ड मिळाल्यानं जाणार होती?

मग तिनं विचारलं, "त्यानं काय नाव सांगितलं?"

"लिहिलेलं नाही. जागा सोडलीय."

"पण सांगितलं त्यानं?"

"हो. सगळ्यांसमोर."

"मग तेवढं परत वाच."

मी वाचलं. ज्या नावानं त्याची आई त्याला हाक मारी ते आपलं नाव त्यानं कोर्टापुढे सांगितलं, ते असं. तिथे आल्यावर मी लहानपणी वाचायचे तसंच वाचलं, "मोकळी जागा." वंशावळीच्या चार्टवरच्या सगळ्यात वरच्या चौकोनाचं काय करायचं ते जूनपर्यंत बघू, एवढंच लोइस म्हणाली, आणि मी निघताना माझ्या कानाशेजारी बघत तिनं माझा हात घट्ट दाबला.

संध्याकाळी आठ वाजता, म्हणजे पेणला सकाळी, मी जगन्नाथकाकांना फोन लावला. राजेश चैत्रालीला वाढत होता, त्यानं डाव हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. दरवेळी मी 'काका, मी आशू' म्हणून सुरुवात करते.

"हॅलो, काका. मी नीला बोलतेय."

इतक्या लांबून बोलताना शब्द पोचायला जरा वेळ लागतो, तेवढा वेळ गेला, त्याच्या दुप्पट गेला.

"कोण नीला?" काका म्हणाले.

चैत्राली ताटावरून वर बघायला लागली. काकांनी शपथेवर लिहून दिलं होतं, नगरपालिकेनं शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं, आता त्यांनी नाही म्हटलं तर ते कागदाला धरूनच होतं.

"नीला शशिकांत खांबेटे," मी म्हणाले, वहीतून वाचल्यासारखं. "मुक्काम पेण. तुमच्या ट्रंकेत माझा जन्मदाखला आहे, काका. तो मला हवाय."

फोन कट झाला असं मला वाटलं. मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, फरशीवरून चपला फरफटत गेल्या, आणि लांब आतल्या खोलीतून काकांचा म्हातारा आवाज आला, "अगं, ऐकलंस का? शशीदादाची नीली बोलतेय."

मग ट्रंकेची कडी वाजली.